उपदेशकाची उपजीविका

आमच्या नाशिक शहरांत गेल्या कांहीं वर्षांत एक नवा व्यवसाय दिसूं लागला आहे. गंगापूर रस्त्यावर आणि कॉलेज रस्त्यावर वकील, दंतवैद्य आणि शिकवणीवर्ग यांच्या पाट्यांच्या ओळींत 'लाइफ कोच', 'रिलेशनशिप कोच' अशाहि पाट्या आतां आढळतात. पाटी लावणारा बहुधा चाळिशी ओलांडलेला असतो. कोणी बँकेंत अधिकारी होता, कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत अभियंता, कोणी आमच्याच धंद्यांतला, म्हणजे अध्यापक. चालती नोकरी सोडून तो लोकांस संसार कसा करावा, पतिपत्नींनीं भांडण कसें मिटवावें, वयांत आलेल्या मुलाशीं कसें बोलावें हें सांगावयास बसतो, आणि तासाप्रमाणें मोबदला घेतो. जुन्या पिढीचीं माणसें हें पाहून हंसतात. 'हें काम आमच्या घरीं आत्याबाई फुकट करीत असत', असें एका वृद्ध गृहस्थांनीं मला ऐकविलें.

हंसणें सोपें आहे. पण आत्याबाईंचा सल्ला खरोखर फुकट असे काय, याचा हिशेब ज्या सुनांनीं तो ऐकला त्यांसच विचारावयास हवा होता. तो वाद बाजूस ठेवूं. इतिहासाच्या अभ्यासकास यांत एक निराळाच प्रश्न दिसतो. दुसऱ्याच्या संसारांत सल्ला देण्याचा अधिकार आपल्या समाजांत कोणाचा मानला जाई, आणि तो अधिकार चालविणारा आपलें पोट कशावर भरीत असे? हे दोन प्रश्न वरवर वेगळे दिसतात. परंतु दुसऱ्याचें उत्तर कळल्यावांचून पहिल्याचें उत्तर नीट लागत नाहीं, असें मला वाटतें.

प्रथम शब्दाविषयीं. हंगेरी देशांत कोच नांवाचें एक गांव आहे. तेथें पंधराव्या शतकांत उत्तम घोडागाड्या बनत, आणि त्या गांवावरून युरोपांतील अनेक भाषांत गाडीस तें नांव पडलें. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनीं परीक्षेच्या पार नेऊन सोडणाऱ्या खाजगी शिक्षकास थट्टेनें हें गाडीचें नांव दिलें. तेथून तें खेळाच्या मैदानावर गेलें, आणि मैदानावरून आतां दिवाणखान्यांत आलें आहे. गाडी हांकणाऱ्यानें उपदेश करावा ही कल्पना आपणांस मात्र नवी वाटण्याचें कारण नाहीं. कुरुक्षेत्रावर तें काम सारथ्यानेंच केलें. मौज अशी कीं, तेथें अर्जुनाची मागणी व्यवसाय बदलण्याचीच होती. क्षत्रियाचें काम टाकून भिक्षेवर जगूं, असें तो म्हणत होता. सारथ्यानें अठरा अध्याय खर्ची घालून त्यास पुन्हा धनुष्य घेण्यास लाविलें. आपल्या परंपरेंतला सर्वांत प्रसिद्ध सल्ला हातचा धंदा न सोडण्याविषयींचा आहे, ही गोष्ट धंदा सोडून सल्लागार होणारांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

या परंपरेला उलट जाणारा मनुष्यहि आपल्या शहराच्या वेशीवरच सांपडतो. समर्थ रामदास (१६०८-१६८१) बोहल्यावरून निघून गेले आणि नंदिनी व गोदावरी यांच्या संगमाजवळ टाकळीस बारा वर्षें तप करून राहिले, असें परंपरा सांगते. ज्यानें संसार मांडलाच नाहीं, त्यानें पुढें 'दासबोधां'त प्रपंचाविषयीं इतक्या बारकाईनें लिहावें याचें पुष्कळांस आश्चर्य वाटतें. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांच्या उपजीविकेची रीत. भिक्षा ही एका घरची नसते. दहा घरचें अन्न खाणाऱ्यास कोणत्याच एका घराची भीड बाळगावी लागत नाहीं, आणि ज्यास उपदेश करावयाचा तोच अन्नदाता असतो असेंहि नाहीं. संन्याशाच्या परखडपणाचें निम्में रहस्य या व्यवस्थेंत आहे. उरलेल्या सर्व कामास गोतसभा, पंच आणि नाशिक-पैठणसारख्या क्षेत्रींच्या ब्रह्मसभा होत्या. त्या सल्ला देत नसत, निर्णय देत, आणि निर्णय न मानणाऱ्याचें पाणी तोडीत. त्यांविषयीं येथें अधिक लिहिण्याचें कारण नाहीं.

इंग्रजी अमलांत या दोहोंच्या मध्यें एक तिसरा वर्ग उत्पन्न झाला. तो पगारी सल्लागारांचा. म्हणजे पगार सरकारचा आणि सल्ला समाजाला. नाशिकास हा वर्ग एकदां अगदीं एकत्र पाहावयास मिळाला होता. १८७८ सालीं महादेव गोविंद रानडे बदलून येथें आले, आणि त्याच सुमारास गोपाळ हरि देशमुख, म्हणजे 'लोकहितवादी', हेहि येथें न्यायाधीश होते. लोकहितवादींनीं ऐन पंचविशींत, १८४८ ते १८५० या काळांत, 'प्रभाकर' पत्रांतून आपलीं शतपत्रें लिहिलीं, आणि बालविवाह व विधवांची स्थिति यांवर लोकांस कठोर शब्दांत चार गोष्टी सुनावल्या. पण लिहितांना टोपणनांव घेतलें, आणि सरकारी नोकरी १८७९ पर्यंत निष्ठेनें केली. रानड्यांचीहि तीच तऱ्हा. सकाळीं न्यायदान, सायंकाळीं समाजसुधारणा. रमाबाई रानडे यांनीं आयुष्यांतलें पहिलें जाहीर भाषण नाशिकास केलें आणि तें रानड्यांनीं लिहून दिलें होतें, ही गोष्ट प्रसिद्ध आहे.

या पगारी उपदेशकांस पोटाची चिंता नव्हती. पण दोन बंधनें होतीं. सरकारची मर्जी हें एक. रानड्यांस पुण्याहून नाशिकास आणि नाशिकाहून १८७९ सालीं धुळ्यास जावें लागलें, त्याच्या मुळाशीं पुण्याच्या राजकारणाविषयींचा सरकारी संशय होता, हें आतां सर्वमान्य आहे. दुसरें बंधन अधिक अवघड. लोक उपदेशकाचें पुस्तक वाचीत नसत, त्याचें घर वाचीत. १८७३ सालीं प्रथम पत्नी वारल्यावर विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्यानें वडिलांच्या इच्छेपुढें मान तुकवून अकरा वर्षांच्या कुमारिकेशीं लग्न केलें, हें समाज विसरला नाहीं. रानड्यांनीं त्या मुलीस शिकविलें, आणि ती पुढें पुण्याच्या सेवासदनाचा आधार झाली. तरीहि आक्षेप उरलाच. संसाराविषयीं सल्ला देणाऱ्याचा स्वतःचा संसार हाच त्याच्याविरुद्धचा पहिला साक्षीदार असतो.

आतां ज्या गृहस्थासाठीं मी हा लेख लिहावयास घेतला, त्याच्याकडे वळतों. महाराष्ट्रांत प्रतिष्ठेचा व्यवसाय गमावून स्त्रीपुरुषसंबंधांचा सल्लागार झालेला पहिला सुशिक्षित मनुष्य म्हणून रघुनाथ धोंडो कर्वे यांचें नांव घ्यावें लागेल.

रघुनाथरावांचा जन्म १८८२ सालचा. ते महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे प्रथम पत्नीपासूनचे पुत्र. नऊ वर्षांचे असतांना आई वारली. वडील फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत. मुलगाहि गणिताचाच प्राध्यापक झाला, आणि पॅरिसला जाऊन त्यानें त्या विषयाचा पुढचा अभ्यास केला. पितापुत्रांची ही जोडी आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें अत्यंत बोधक आहे. वडिलांनीं १८९३ सालीं विधवेशीं विवाह केला, १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला, त्यासाठीं हिंगण्याच्या पायवाटा तुडविल्या. पण प्राध्यापकी मात्र १९१४ पर्यंत चालू ठेविली. समाजानें त्यांचा छळ केला, बहिष्कार घातला; परंतु महिन्याचा पगार सुरक्षित होता, आणि मागावयाचें तें आश्रमासाठीं मागतां येत होतें. मुलाच्या वांट्याला ही सोय आली नाहीं.

१९२१ सालीं रघुनाथरावांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें. मेरी स्टोप्सबाईंनीं लंडनमध्यें आपलें केंद्र काढलें तें याच वर्षीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे मुंबईच्या या गृहस्थाचा काळ किती पुढचा होता तें कळेल. १९२३ सालीं त्यांनीं संततिनियमनावर मराठी पुस्तक लिहिलें. ते त्या वेळीं विल्सन कॉलेजांत गणित शिकवीत होते. कॉलेज स्कॉटिश मिशनऱ्यांचें. चालकांस आपल्या प्राध्यापकानें असल्या विषयावर उघडपणें बोलावें हें मानवलें नाहीं. हें काम सोडा किंवा प्राध्यापकी सोडा, असा पेंच पडला, आणि १९२५ सालीं कर्वे यांनीं प्राध्यापकी सोडली. त्याच १९२५ सालीं आमच्या नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली, आणि 'प्रेसमध्यें लागला' म्हणजे जन्माचा निश्चिंत झाला ही म्हण या भागांत रुजावयास आरंभ झाला. दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध नाहीं. पण नोकरी या वस्तूला त्या काळीं काय मोल होतें, तें यावरून उमगावें. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं कॉलेजची खुर्ची सोडून लोकांच्या शयनगृहांतील अडचणी सोडवीत बसणारा मनुष्य शेजाऱ्यापाजाऱ्यांस कसा दिसला असेल याची कल्पना करावी.

१५ जुलै १९२७ रोजीं त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें. तें त्यांच्या अंतापर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षांहून अधिक काळ, चाललें. या मासिकाविषयीं बोलतांना त्याच्या मुखपृष्ठावरील विवस्त्र स्त्रियांच्या चित्रांवर पुष्कळांची दृष्टि अडकते. माझ्या मतें त्याचें ऐतिहासिक महत्त्व आंतल्या प्रश्नोत्तरांत आहे. वाचक आपल्या अडचणी पत्रानें कळवीत आणि कर्वे त्यांचीं उत्तरें छापीत. जी गोष्ट आईबापांस विचारतां येत नव्हती, वैद्यापुढें उच्चारतां येत नव्हती, ती मराठी मनुष्य प्रथमच सरळ भाषेंत विचारूं लागला, आणि त्याला पापपुण्याचा दाखला न देतां कोणी उत्तर देऊं लागलें. उत्तर देणारा संन्यासी नव्हता, कीं पाणी तोडणारी सभा नव्हता. आपल्या वाचनावर आणि तर्कावर उभा राहणारा तो एक गृहस्थाश्रमी मनुष्य होता. पत्नी मालतीबाई कामांत त्यांच्या बरोबर होत्या. आपण मूल होऊं द्यावयाचें नाहीं असें पतिपत्नींनीं ठरविलें आणि पाळलें. रानड्यांच्या घराविरुद्ध समाजाला जो साक्षीदार सांपडला, तो येथें सांपडला नाहीं. उच्चार आणि आचार यांच्यांत फट नव्हती. १९४४ सालीं मालतीबाई वारल्या. त्यानंतरचीं नऊ वर्षें त्यांनीं तें काम एकट्यानें ओढलें.

यावरून कर्वे हे आदर्श सल्लागार होते, असें मात्र कोणी समजूं नये. त्यांची लेखणी कोरडी होती. धर्मभावना, लाज, भीति यांची ते थोडीहि कदर करीत नसत. प्रमेय सिद्ध झालें कीं विद्यार्थ्यानें तें मान्य केलेंच पाहिजे, अशी गणिताच्या अध्यापकाची खोड त्यांच्या लेखनांत जागोजाग दिसते. घाबरलेल्या मनुष्याला युक्तिवादापूर्वीं धीर लागतो, ही गोष्ट आजच्या पाटीवाल्या मार्गदर्शकास त्यांच्याहून अधिक कळते, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु त्यांनीं जें दिलें तें उघड्यावर दिलें, आणि त्याची किंमतहि उघड्यावर मोजली. १९३१ सालीं व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ चा खटला तर प्रश्नोत्तरांवरच होता. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीं वाचकांनीं विचारलेल्या प्रश्नांस दिलेलीं उत्तरें अश्लील ठरविण्यांत आलीं. त्यांच्या वतीनें डॉ. भीमराव आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलेलें सर्वच अश्लील असें म्हणतां येत नाहीं, आणि लोकांच्या मनांत विकृति असेलच तर ती ज्ञानानें जाईल, अशा आशयाचा युक्तिवाद त्यांनीं केला. तो मान्य झाला नाहीं. दोनशें रुपये दंड झाला. आंबेडकरांचा या प्रश्नांतला रस तेथें संपला नाहीं. १९३८ सालीं त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फें मुंबई विधिमंडळांत संततिनियमनाचा ठराव मांडण्यांत आला, आणि नामंजूर झाला. देशाचा कौल त्या वेळीं दुसऱ्या एका धंदा सोडलेल्या बॅरिस्टराकडे होता. गांधीजी कृत्रिम उपायांस विरोध करून संयमाचा उपदेश करीत होते. १९३५ सालीं मार्गारेट सँगरबाई वर्ध्यास येऊन त्यांच्याशीं वाद घालून गेल्या, पण त्यांचें मत बदललें नाहीं.

दोनशें रुपयांचा दंड ही ज्याला पगार नाहीं त्याच्या दृष्टीनें लहान रक्कम नव्हे. पण या खटल्यांत मला दुसरेंहि कांहीं दिसतें. सल्लागाराचा शब्द न्यायासनापुढें ठेवतां येत होता, कारण तो छापलेला होता. कर्वे यांचें उत्तर चुकीचें असेल तर पुढच्या महिन्यांत एकाद्या डॉक्टरास तें खोडून काढतां येई. न्यायाधीशानें तेथें अन्याय केला असें आज आपण म्हणतों, तेंहि उत्तर कागदावर राहिलें म्हणूनच म्हणूं शकतों.

आतां पुन्हा आजच्या पाट्यांकडे येऊं. या व्यवसायाला सध्यांचें रूप अमेरिकेंत आलें. टॉमस लेनर्ड (१९५५-२००३) या नांवाचा एक अर्थनियोजनाचा सल्लागार होता. आपल्याकडे येणारांस पैसा कोठें गुंतवावा याहून आयुष्य कोठें गुंतवावें हें विचारावयाचें असतें, असें त्याच्या ध्यानांत आलें. त्यानें धंदा बदलला, १९९२ सालीं असे मार्गदर्शक घडविणारी शाळा काढली, आणि १९९५ सालीं त्यांचा आंतरराष्ट्रीय संघहि स्थापिला. म्हणजे या व्यवसायाचा मूळपुरुषच व्यवसाय बदललेला! त्यामुळें त्याचे अनुयायी बँका आणि कारखाने सोडून येतात यांत नवल नाहीं. नवल असेल तर इतकेंच कीं, सल्ला देण्याहून सल्लागार घडविण्याचे वर्ग चालविणें हाच या धंद्यांतला भरवंशाचा भाग होऊन बसूं पाहत आहे.

गिऱ्हाइकांची गरज मात्र खरी आहे. तिची थट्टा करणें मला पटत नाहीं. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीनंतर, आणि १९६४ पासून ओझरच्या विमानकारखान्यानें, नाशिकास खानदेशांतून, मराठवाड्यांतून, कोंकणांतून माणसें आणलीं. सिडकोच्या दोन खोल्यांत नवराबायको आलीं, तेथें आत्याबाई आल्या नाहींत. त्या आल्या नाहींत म्हणून सून सुटली हें जितकें खरें, तितकेंच भांडण झाल्यावर मध्यें पडावयास कोणी उरलें नाहीं हेंहि खरें. कायद्यानेंहि ही उणीव ओळखली आहे. १९८४ च्या कुटुंबन्यायालयांच्या कायद्यांत समुपदेशकांची तरतूद आहे. पण तेथें जाईपर्यंत बहुधा घर मोडलेलें असतें. त्याआधींच्या दहा वर्षांत जावें कोठें, या प्रश्नाचें उत्तर कॉलेज रस्त्यावरची पाटी देते. तें उत्तर पुरेसें असेल-नसेल. दुसऱ्या कोणी दिलेलें नाहीं.

माझ्या परिचयाचे एक अध्यापक पन्नाशीच्या उंबरठ्यावर नोकरी सोडून या मार्गाला लागण्याच्या विचारांत आहेत. माणूस सज्जन आहे. विद्यार्थी त्यांच्यापाशीं घरचीं दुःखें सांगत आले आहेत. त्यांना अडचण एवढीच कीं, पैसे घ्यावे कीं न घ्यावे. मला ही अडचण खोटी वाटते. वैद्य पैसे घेतो, वकील घेतो, आम्ही प्राध्यापक तर शिकविलें नाहीं तरी घेतों. खरी अडचण अशी कीं, वकिलास सनद आणि वैद्यास नोंदणी लागते, या मार्गदर्शकास कसलाच परवाना लागत नाहीं. बंद दाराआड तो काय बोलला तें तिसऱ्या कोणास कळत नाहीं. दार बंद असावें हेंहि योग्यच, कारण दुःख खाजगी आहे. त्यांत मोबदला तासावर! रोगी बरा झाला कीं वैद्याची फेरी थांबते, आणि दुसरा रोगी येतो कारण पहिला बरा झाला. मनाच्या दुखण्यांत मात्र बरें झाल्याचा दाखला कोण देणार? ज्याचें तुमच्यावांचून चालत नाहीं असें गिऱ्हाईकच सर्वांत फायद्याचें ठरतें. त्यास 'आतां येऊं नका' असें सांगण्याचें धैर्य कोणाच्या जिवावर आणावयाचें? भिक्षेकऱ्यास तें दहा घरांच्या जिवावर होतें, रानड्यांस सरकारी तिजोरीच्या. कर्वे यांस तें कोणाच्याच जिवावर नव्हतें. पण त्यांच्या उत्तराचा गुणच असा कीं, तें एकदां वाचलें कीं त्याच प्रश्नासाठीं पुन्हा त्यांना विचारण्याची गरज उरत नसे. आमच्या स्नेह्यांस मी थोरल्या कर्व्यांची वाट सुचविली आहे: पगार चालू ठेवावा, आणि संध्याकाळीं बसावें. धाकट्या कर्व्यांच्या वाटेनें जाण्याची ताकद ज्याच्यांत असते, तो मला विचारावयास येणार नाहीं.

रघुनाथराव १४ ऑक्टोबर १९५३ रोजीं वारले, आणि त्यांच्या मागोमाग 'समाजस्वास्थ्य'हि बंद झालें. त्याच्या आदल्याच वर्षीं, १९५२ सालीं, भारत सरकारनें कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला होता. असा कार्यक्रम स्वीकारणारें जगांतलें तें पहिलें सरकार. ज्या सल्ल्यापायीं एका प्राध्यापकाचा पगार गेला, तोच सल्ला देण्यासाठीं सरकारनें हजारों माणसें पगारावर नेमलीं. पुढें त्या कार्यक्रमाची खूण म्हणून लाल त्रिकोण आला, आणि नाशिक जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांच्या दवाखान्यांच्या भिंतींवर तो रंगला. कांहीं जुन्या भिंतींवर पाऊस लागून फिकटलेला तो त्रिकोण अजून दिसतो.